आय५-७४०० च्या जुन्या गेमिंग पीसीत कोणतं ग्राफिक्स कार्ड घालावं?

तुझा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी मांडतो. मोठ्या भावाने २०१७ मध्ये असेंबल करून घेतलेला पीसी तो पुण्याला गेल्यावर तुझ्याकडे आला. इंटेल आय५-७४०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेटसोबतच आलेला ‘४५० वॅट’ छापलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि ६० हर्ट्‌झचा फुल एचडी मॉनिटर. गेमपैकी व्हॅलोरंट नीट चालतं, सायबरपंक आणि फोर्झा होरायझन ५ अडखळतात. कॉलेजच्या कार्यक्रमांचे व्हिडिओही थोडेफार एडिट करतोस. बजेट पंचवीस हजार. एक दुकानदार म्हणाला, सरळ आरटीएक्स ५०६० घे. मित्र म्हणतो, एवढ्या जुन्या प्रोसेसरवर कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ‘काका, कोणाचं ऐकू?’ असं विचारतोस.

इंदूरमध्ये बरीच वर्षं हेच काम करतो आहे, म्हणून स्पष्टच सांगतो. कार्ड बदल, पण ५०६० घेऊ नकोस, आणि पहिला पैसा कार्डावर घालू नकोस. आधी एसएमपीएस, मग रॅम, मग कार्ड. या तिन्ही वस्तू अशा निवड, की दोन वर्षांनी बोर्ड आणि प्रोसेसर बदलशील तेव्हा त्या उचलून नव्या मशीनमध्ये नेता येतील. तुझ्या डब्यात मागे राहणाऱ्या वस्तू दोनच, मदरबोर्ड आणि प्रोसेसर. त्यांच्यावर आता एक रुपयाही घालू नकोस.

पण खरेदीआधी एक संध्याकाळ मोजण्यात घाल. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर टाक, दोन्ही फुकट आहेत. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, तापमान, प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर, भरलेली रॅम आणि फ्रेम टाइमचा (एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, तयार व्हायला लागणाऱ्या वेळेचा) आलेख एवढं दिसू दे. कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि चारही कोर शंभराला टेकलेत, तर प्रोसेसर कमी पडतोय. खात्री हवी असेल तर रिझोल्यूशन ७२० वर आण. फ्रेम्स भराभर वाढल्या तर दोष कार्डाचा; जागच्या जागी राहिल्या तर नवं कार्ड आणूनही त्या तिथेच राहतील. हा प्रयोग प्रत्येक गेममध्ये वेगळा कर. सायबरपंकमध्ये गाडी घेऊन गर्दीच्या बाजारातून जा, रिकाम्या खोलीत उभं राहून मोजू नकोस. व्हॅलोरंट प्रोसेसरवर जास्त चालतं, तिथे कार्ड बदलून फारसा फरक दिसणार नाही.

तुझ्या मशीनमध्ये काय दिसेल याचा अंदाज मला आहे. सायबरपंकच्या २.० अपडेटनंतर कंपनीने किमान गरजा वाढवल्या: १२ जीबी रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६०, आय७-६७०० आणि एसएसडी. तुझं मशीन यातल्या तीन गोष्टींत कमी आहे. चौथी, म्हणजे एसएसडी आहे की नाही, ते तू लिहिलंच नाहीस. गेम हार्ड डिस्कवर असेल तर रस्त्यावरून जाताना दर काही सेकंदांनी बसणारा झटका डिस्कचा असतो, आणि तो कोणतंही कार्ड थांबवू शकत नाही.

आणखी एक. १०५० टीआय आत्ता धुळीने भरलं असणार. पंखे उघडून साफ कर, चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लाव. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, ती सुसाट फिरली तर बेअरिंग जातं. मोजमाप त्यानंतरच घे. तापून स्वतःचा वेग कमी करणारं कार्ड कमकुवत आहे असं समजून लोक नवं घेतात, हे मी नेहमी पाहतो.

आता एसएमपीएस. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष यावरच असतं. तुझ्या एसएमपीएसवर ४५० लिहिलंय ते विसर. बाजूचं स्टिकर वाच. त्यावर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर दिलेत ते बघ आणि बाराने गुण. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर तिथे १६ अँपिअर असं काहीतरी असतं, म्हणजे १९२ वॅट. आजचा प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनचे असतात, गेमिंगला त्यांचा उपयोग नाही.

तुझी गरज अशी: प्रोसेसर ६५ वॅट, एएमडीच्या आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॅट, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून चाळीस-पन्नास. अडीचशेच्या आत. म्हणजे चांगल्या कंपनीचा खरा ४५० वॅटचा एसएमपीएसही पुरेल. पण कार्ड काही मिलिसेकंदांसाठी सरासरीपेक्षा बरंच जास्त ओढतं, आणि जुन्या कपॅसिटरवर चालणारा एसएमपीएस नेमका त्या क्षणी कोसळतो. गेम ऐन रंगात असताना पीसी एकदम बंद होऊन परत चालू होतो, ते बहुतेक वेळा यामुळेच. नुसतं बंद होण्यावर निभावलं तर नशीब. निकृष्ट एसएमपीएस जाताना बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो.

म्हणून ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा वरचा, पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस घे. ८० प्लसचा शिक्का विजेची बचत सांगतो, दर्जाची हमी देत नाही, म्हणून वॉरंटीची वर्षं मी जास्त महत्त्वाची धरतो. कार्डासाठी त्यात ६+२ पिनांची केबल हवीच. ‘एसएमपीएस बदलू नका, हार्ड डिस्कच्या साटा केबलवर कन्व्हर्टर लावून देतो’ असं कोणी म्हणालं तर घेऊ नकोस. साटा कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता ५४ वॅट असते, ८ पिनांचं कनेक्टर १५० वॅटपर्यंत मागू शकतं. ती वायर वितळते. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, एसएमपीएस घेतलास तर दुसऱ्या कंपनीच्या केबल त्यात कधीही खुपसू नकोस. कनेक्टर बसतं, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असते.

घरात यूपीएस असेल तर तोही बघ. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, आणि बॅटरी तीन-चार वर्षं जुनी झाली की पावसाळ्यात लाइट गेल्यावर गेमिंगचा भार घेताच हात टेकतो. नवं कार्ड बसल्यावर पीसी यूपीएसवर बंद पडायला लागला तर आधी ही बॅटरी तपास, कार्डाला दोष देऊ नकोस.

रॅमचं थोडक्यात. आणखी एक ८ जीबीची डीडीआर४ स्टिक घे. १६ जीबी तर होतीलच, शिवाय दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वेळी जोडीने, चालतील, आणि चार कोरच्या प्रोसेसरवर त्याचा फरक फ्रेम टाइममध्ये स्पष्ट दिसतो. तुझा बोर्ड २४०० च्या वर जाणार नाही, तरी ३२०० ची स्टिक घेतलीस तर चालेल, ती इथे २४०० वर धावेल आणि पुढच्या मशीनमध्ये पूर्ण वेगाने. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत, त्यामुळे जुनी स्टिक एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नकोस.

आता मित्राच्या मुद्द्याकडे वळतो. आय५-७४०० ला चार कोर आणि चारच थ्रेड. आजच्या मोठ्या गेमला हे अपुरं आहे, त्याचं म्हणणं खरं. पण तुझा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा आहे. तुला सेकंदाला १४४ फ्रेम नकोत, एकसारख्या साठ हव्यात, आणि अनेक गेममध्ये हा प्रोसेसर साठच्या आसपास पोहोचतो. गर्दीची घनता आणि लांबवरची दृश्यं या दोन सेटिंग कमी कर, त्या प्रोसेसरवर पडतात. फ्रेम साठवर बांधून टाक, चाल सारखी होते. टेक्स्चर मात्र कार्डाच्या मेमरीवर अवलंबून असतात, ८ जीबीचं कार्ड आलं की ते बिनधास्त वाढव. एक गैरसमजही काढून टाकतो: एनव्हिडियाच्या डीएलएसएसचं किंवा एएमडीच्या एफएसआरचं अपस्केलिंग (लहान चित्र काढून ते मोठं करणं) कार्डाचा भार हलका करतं, प्रोसेसरचा नाही. प्रोसेसर अडला असेल तर ते चालू करून फ्रेम वाढणार नाहीत.

‘याच बोर्डावर सेकंडहँड आय७-७७०० टाकू का?’ हा तुझा पुढचा प्रश्न असेलच. बसेल, आठ थ्रेड मिळतील, फरकही पडेल. तरी नको. तो पैसा या बोर्डासोबत मरतो. सातव्या पिढीचे हे दोन्ही प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते पैसे बाजूला ठेव. पुढे रायझन ५ ५६०० किंवा आय३-१२१००एफ आणि डीडीआर४ चालणारा बोर्ड घेता येईल, तुझी रॅम, एसएमपीएस, कार्ड सगळं त्यात जाईल.

तर कार्ड कोणतं? तुझ्या बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे. आजची बरीच मध्यम कार्डं स्लॉटच्या सोळा लेन (डेटा ये-जा करण्याचे मार्ग) न वापरता आठच वापरतात, आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ही तशीच. ३.० वर आठ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. कार्डाची मेमरी भरून वाहत नाही तोवर यात नुकसान थोडंच होतं. पण आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी चारच लेन वापरतात, मेमरीही ४ जीबीच, आणि त्यांत व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ झटपट फाइलमध्ये बदलणारा भाग) नाही. जुन्या बोर्डावर ही दोन कार्डं घेऊच नयेत, कितीही स्वस्त मिळाली तरी. ज्यांच्याकडे चौथ्या पिढीचा इंटेल आणि एच८१ बोर्ड आहे त्यांनी तर आणखी जपावं. आपल्याकडे हे बोर्ड भरपूर विकले गेले, आणि त्यांचा मोठा स्लॉट २.० चा आहे. तिथे चार लेन म्हणजे जेमतेम २ जीबी.

इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरीमुळे मोहात पाडतं. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, ते तुझ्या पिढीच्या बोर्डावर अधिकृतपणे मिळत नाही, आणि कमजोर प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर जास्त भार टाकतो. म्हणून बाद. ५०६० बाद होण्याचं कारण साधं आहे: त्याचा जोर हा प्रोसेसर वापरू शकणार नाही, आणि बजेट संपल्याने तू ते कार्ड जुन्या एसएमपीएसवर चालवशील. हे दुसरं कारण मला जास्त भीतीचं वाटतं.

उरतात तीन वाटा. मुख्यतः गेमच खेळणार असशील तर ८ जीबीचं आरएक्स ६६००. कमजोर प्रोसेसरसोबत डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये एएमडीचा ड्रायव्हर एनव्हिडियापेक्षा हलका पडतो, हा तुझ्या बाबतीत खरा फायदा आहे. एडिटिंग नियमित करत असशील तर आरटीएक्स ५०५० किंवा चांगल्या भावात ४०६० बघ. दोन्ही ८ जीबीची, वीज अनुक्रमे १३० आणि ११५ वॅट, आणि एनव्हिडियाचा एन्कोडर व्हिडिओ एक्स्पोर्टचा वेळ वाचवतो. बजेट ताणूनही एसएमपीएस, रॅम आणि कार्ड तिन्ही एकदम बसत नसतील, तर आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती. ती ७० वॅटवर चालते आणि स्लॉटमधूनच वीज घेते. १०५० टीआयपेक्षा ती नक्कीच पुढे आहे, पण पुढच्या मशीनमध्ये नेण्याइतकी ताकद तिच्यात नाही. याच नावाची ८ जीबीची आवृत्तीही आहे, ती १३० वॅटची आणि जास्त वेगवान. दुकानात ‘३०५०’ एवढंच ऐकून पैसे देऊ नकोस, खोक्यावरचे जीबी वाच.

मी तुझ्या जागी असतो तर या महिन्यात एसएमपीएस आणि रॅम घेतली असती, सेटिंग लावून खेळलो असतो, आणि उरलेल्या पैशांत थोडी भर घालून आरएक्स ६६०० घेतलं असतं. घाईचं काही नाही. पण फार लांबवूही नकोस, कारण एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी गेमचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद केले. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. शिवाय काही नव्या गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचा हिशेब करणारी कार्डातली खास सोय) अनिवार्य झालं आहे, ती १०५० टीआयवर सुरूच होत नाहीत. म्हणूनच सेकंडहँड १०६० किंवा १०८० सुद्धा आता घेऊ नये.

सेकंडहँडचा विषय निघालाच आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात लोटली. त्यांतली काही आजही हात बदलत फिरतात. मायनिंगचं म्हणून कार्ड वाईटच असं नाही, पण पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड झिजलेले असतात. आरएक्स ५८० घेताना खास जप: मूळ कार्डात २३०४ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) असतात, आणि त्याच नावाने २०४८ वालं, प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचं, कार्डही विकलं जातं. जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, विकणाऱ्याच्या मशीनवर कार्ड लावून आकडे बघ, अर्धा तास जड गेम चालव, स्क्रीनवर ठिपके किंवा चौकोन येतात का ते पाहा. ‘घरी नेऊन बघ’ म्हणाला तर तिथूनच परत ये. वॉरंटी शिल्लक असेल आणि जीएसटीचं मूळ बिल मिळत असेल तरच विचार कर. नवं घेणार असशील तर आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलच्या परिसरात तीन-चार दुकानांतून लेखी कोटेशन घे, ऑनलाइन भावाशी ताडून पाहा, आणि बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

खरेदीआधी टेप घेऊन कॅबिनेटही मोज. मागच्या पट्टीपासून पुढच्या हार्ड डिस्कच्या कप्प्यापर्यंत किती जागा आहे? जुन्या कॅबिनेटमध्ये हा कप्पा मध्येच येतो. दोन पंख्यांचं कार्ड साधारण २०० ते २५० मिलिमीटर असतं. एकाच कार्डाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आवृत्त्या लांबीने वेगळ्या असतात, म्हणून नेमक्या मॉडेलचा आकडा बघ. मॉनिटरची केबलही तपास. बहुतेक नव्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्टच असतात. मॉनिटरला डीव्हीआय असेल तर साधी एचडीएमआय ते डीव्हीआय केबल चालते, फक्त व्हीजीए असेल तर सिग्नल बदलणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो.

बसवताना: जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू हे ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर वापरून काढ. एसएमपीएसचा मागचा खटका बंद, प्लग बाहेर, पॉवरचं बटण दोनदा दाब, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लाव. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबूनच जुनं कार्ड उचल, ओढाताण केली तर खिट्टी तुटते. नवं कार्ड ‘टक’ वाजेपर्यंत बसव, दोन्ही स्क्रू लाव, ६+२ ची केबल पूर्ण दाब. प्रोसेसरची ४+४ ची केबल दिसायला सारखी असते, ती कार्डाला लावायची नाही. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लाव, बोर्डाला नको. ‘नवं कार्ड लावलं, फरकच नाही’ अशा तक्रारीत मी हेच आधी बघतो.

आता आपल्या हवेचं. मेअखेरच्या नवतप्यात इंदूरच्या वरच्या मजल्यावरची खोली दुपारी चांगलीच तापते, आणि खोली जितकी गरम तितकं कार्ड गरम. तुझ्या कॅबिनेटला समोरून हवा आत ओढणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा लाव, त्यावर धुळीची जाळी असू दे. पाण्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नकोस, गारवा मिळतो पण ओलावा आणि बोअरिंगच्या पाण्यातले क्षार आत जाऊन बसतात. उन्हाळ्यात आफ्टरबर्नरमधून कार्डाची पॉवर लिमिट थोडी खाली आण. फ्रेम दोन-चारच कमी होतात, तापमान बरंच उतरतं.

सगळं लागल्यावर त्याच गेममधल्या त्याच रस्त्यावर परत मोज. आता कार्ड पूर्ण वापरलं जात नसेल आणि कोर शंभरावर असतील, पण साठ फ्रेम टिकत असतील, तर सगळं ठीक आहे, समज. स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नकोस. नवं कार्ड काढ, मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लाव, तुझ्या प्रोसेसरमध्ये एचडी ६३० ग्राफिक्स आहे, चित्र यायला हवं. आलं तर बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कर आणि पुन्हा प्रयत्न कर. तरीही जमलं नाही तर दुकानात पूर्ण मशीन घेऊन जा, नुसतं कार्ड नेऊ नकोस, आणि कार्ड तुझ्याच एसएमपीएसवर लावून दाखवायला सांग. जुनं १०५० टीआय पहिले दोन-तीन महिने विकू नकोस, नव्यात दोष निघून ते वॉरंटीत गेलं तर तोवर तेच लावावं लागेल.